चिखलदऱ्याचा घाट आणि म्यूऑनचं घड्याळ

परतवाड्याहून चिखलदऱ्याला एसटीने गेलात की 700 मीटरच्या वर चढण होते. वेगाने धावणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं असं सांगणारा आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत तपासून पाहायला एवढी चढण पुरते, हे मला अमरावती जिल्ह्यातल्या प्रत्येक विज्ञान शिक्षकाला सांगावंसं वाटतं.

अवकाशातून येणारे वेगवान प्रोटॉन हवेतल्या अणुकेंद्रकांवर आदळतात आणि त्या टकरींमधून, साधारण 15 किलोमीटर उंचीवर, म्यूऑन तयार होतात. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनच्या जातीचाच कण, फक्त 207 पट जड. कपाशीच्या वावरात हात पसरून उभं राहिलं तर तळहातातून दर सेकंदाला एखाद-दोन म्यूऑन आरपार जातात. घरात बसलात तरी जातात, छप्पर त्यांना अडवत नाही.

पण त्यांचं सरासरी आयुष्य फक्त 2.2 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे 2.2 दशलक्षांश. एवढ्या वेळात प्रकाशही 660 मीटरच जातो. मग ते वावरापर्यंत पोचतात कसे?

घाटाचाच हिशेब मांडू. चिखलदऱ्याच्या उंचीवर 100 म्यूऑन मोजले आणि काळ सगळ्यांसाठी सारखाच चालत असेल, तर पायथ्यापर्यंत त्यातले 34-35 उरायला हवेत. पण जो म्यूऑन प्रकाशाच्या 99.4 टक्के वेगाने धावतो, त्याचं घड्याळ आपल्या मानाने सुमारे 9 पट हळू चालतं. मग 100 पैकी जवळपास 90 खाली पोचतात. आणि म्यूऑनच्या बाजूने पाहिलं तर? त्याचं आयुष्य 2.2 मायक्रोसेकंदच असतं, मात्र अख्खा घाटच आक्रसून 80 मीटरच्या आत येतो. दोन्ही हिशेब खरे, आणि उत्तर एकच. स्थळ आणि काळ वेगवेगळे मोजताच येत नाहीत, ते इथे आकड्यांत दिसतं.

अशा कणांच्या आयुष्यावरून सापेक्षतेची थेट परीक्षा होईल, हे होमी भाभांनी 1938 मध्येच लिहिलं होतं. 1941 मध्ये रॉसी आणि हॉल या भौतिकशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कोलोराडोच्या डोंगरांत मोजणी करून ते दाखवलं.

मग एवढा पैसा ओतून कण पळवणारी यंत्रं कशाला? आकाशातून पडेल तो कण आणि असेल तो वेग, यावर किती दिवस भागवणार! 1970 च्या दशकात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत 14 मीटर व्यासाच्या कड्यात म्यूऑन फिरवले. वेग असा निवडला की काळ 29.3 पट ताणला जावा. आयुष्य भरलं 64.4 मायक्रोसेकंद, सिद्धांताने सांगितलं होतं तेवढंच. त्या कड्यात म्यूऑनवर पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या एकावर 18 शून्यं इतक्या पटीचं त्वरण होतं, तरी घड्याळात त्याने वेगळा फरक पडला नाही. मला यातली ही गोष्ट सगळ्यांत विलक्षण वाटते. आज तिथल्याच 27 किलोमीटरच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रामध्ये प्रोटॉनचा काळ सुमारे 7 हजार पट ताणला जातो.

घाटातल्या प्रयोगाला एवढं काही लागत नाही. कण गेला की चमकणाऱ्या खास प्लास्टिकच्या दोन पाट्या एकावर एक ठेवायच्या, त्यांना प्रकाश टिपणारे सेन्सर जोडायचे आणि दोन्हींत एकाच क्षणी चमक आली तरच नोंद धरायची. वाटेतली हवाही म्यूऑनचा वेग कमी करते, मंद म्यूऑन तर थांबवतेच. म्हणून वर मोजताना पाट्यांवर तेवढ्या हवेच्या भाराचं लोखंड ठेवावं लागेल. मग वर काही तास, खाली काही तास मोजायचं.