कोरडी काजळी आणि चिकट काजळी: आगीनंतर घरातला वास का जात नाही

आग विझून आठवडे लोटले तरी घरातून धुराचा वास येत राहतो, तो भिंती, छत, फर्निचर आणि कपडे यांवर बसलेल्या काजळीतून. ती निघेपर्यंत कापूर जाळून किंवा सुगंधी फवारे मारून मिळणारा दिलासा तासाभराचाच ठरतो. काजळी मात्र सगळी एकाच प्रकारची नसते. भडकून जळलेल्या आगीची काजळी कोरडी असते, धुमसलेल्या आगीची चिकट. दोन्ही काळ्याच दिसत असल्यामुळे लोक त्यांत फरक करत नाहीत, आणि एकीचा उपाय दुसरीवर केला की वास जाण्याऐवजी भिंतीत मुरतो.

समईची ज्योत पडद्याला लागून कागद, सुती कापड आणि वाळलेले लाकूड भरपूर हवेत भडाभडा जळले, तर धुरात प्रामुख्याने कार्बनचे, बहुतांशी एक मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) लहान असे कण असतात आणि ते भुकटीसारखे सगळीकडे बसतात. कापसाची गादी आतल्या आत धुमसत राहिली किंवा स्विचबोर्डामागे वायरींचे प्लास्टिक वितळत जळले, तर अपुऱ्या हवेमुळे ज्वलन अर्धवट राहते आणि डांबरासारखी तेलकट द्रव्ये वाफेच्या रूपात उठून थंड पृष्ठभागांवर थिजतात. उग्र वास मुख्यतः या द्रव्यांचा असतो. लाकडाच्या धुरातील ग्वायकॉलसारखी फिनॉल वर्गातील रसायने अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात.

ओळख पटवण्यासाठी भिंतीच्या एका कोपऱ्यावर कोरडा पांढरा कपडा हलकेच टेकवावा. कपड्यावर राखाडी भुकटी आली आणि झटकताच बरीचशी उडाली, तर काजळी कोरडी आहे. तपकिरी-काळा डाग उमटून बोटांना चिकटपणा लागला, तर ती चिकट जातीची आहे. ही परीक्षा प्रत्येक खोलीत स्वतंत्रपणे करावी, कारण एकाच आगीत पेटलेल्या खोलीत एक आणि लांबच्या खोलीत दुसरी सापडू शकते. विम्याचा दावा करायचा असेल, तर कशालाही हात लावण्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवावीत.

कोरड्या काजळीवर ओले फडके फिरवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पाण्यासोबत ते कण रंगाच्या छिद्रांत शिरतात आणि पुढे कितीही घासले तरी निघत नाहीत. ही काजळी हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) असलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने, ब्रश भिंतीला न रगडता, ओढून घ्यावी आणि नंतर कोरड्या रबरी स्पंजने वरून खाली, एकाच दिशेने पुसावी. काम करताना एन-९५ मास्क आणि हातमोजे आवश्यक आहेत.

चिकट काजळीला कोरडा स्पंज पुरत नाही. तिथे धुण्याच्या सोड्याचे कोमट पाणी लागते, कारण अल्कधर्मी द्रावणाने तेलकट थर सुटतो. मात्र ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवर सोडा वापरू नये, तो धातू खातो, तिथे भांड्यांचा साबण बरा. चुना किंवा साधे डिस्टेंपर असलेली भिंत धुता येत नाही, ती खरवडावीच लागते. खरी फसवणूक रंगकामात होते. घाईने पाण्याचा रंग दिलेली भिंत काही दिवस स्वच्छ दिसते, आणि मग आतली तपकिरी द्रव्ये त्या रंगातून वर येऊन डाग पडतात. म्हणून आधी डाग रोखणारा, शेलॅकवर (लाखेवर) किंवा तेलावर आधारित प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, द्यावा, आणि तोही भिंत धुऊन पूर्ण वाळल्यावर. पावसाळ्यात दमट हवेने वास पुन्हा उठतो, त्यामुळे उन्हाळ्यात निर्धोक वाटलेल्या घराविषयी लगेच निश्चिंत होऊ नये.

वायरींवरचे पीव्हीसी प्लास्टिक जळले असल्यास आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराईड वायू ओलाव्याशी मिळून आम्ल बनतो आणि नळ, बिजागऱ्या, टीव्हीच्या आतील जोडण्या गंजवतो. म्हणून धातूच्या वस्तू लवकर पुसाव्यात, आणि काजळी बसलेली उपकरणे तंत्रज्ञाने तपासण्यापूर्वी सुरू करू नयेत. छताच्या कोपऱ्यांत लोंबणारे काळे धागे जळमटांसारखे दिसतात, पण ते काजळीच्याच साखळ्या असतात; झाडूने झोडपले तर भिंतीवर पसरतात, म्हणून तेही व्हॅक्यूम क्लीनरने ओढूनच घ्यावेत.

वास घालवण्यासाठी ओझोन वायू सोडणारी यंत्रे भाड्याने आणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ओझोन फुप्फुसांना घातक असतो, रबर खराब करतो, आणि काजळीचा थर जागच्या जागीच ठेवतो. साफसफाईनंतर, माणसे आणि पाळीव प्राणी बाहेर असताना, जाणकाराच्या हातीच तो असावा. फोमच्या गाद्या आणि उशा मात्र टाकून द्याव्यात. सुती कपडे बाहेर झटकून सोड्याच्या पाण्यात धुवावेत, रेशमी साड्या न धुता ड्रायक्लीनला द्याव्यात, आणि कपड्यांचा वास पूर्ण जाईपर्यंत त्यांवर इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने तो धाग्यांत पक्का बसतो.