दर्या, दऱ्या आणि संगणकाची शाळा

दर्या आणि दऱ्या हे दोन वेगळे शब्द आहेत, हे कोकणातल्या मुलाला सांगावं लागत नाही. एक पश्चिमेला, दुसऱ्या पूर्वेला सह्याद्रीत. दर्या म्हणताना द वर जोर येतो, दऱ्या म्हणताना येत नाही. पहिल्यात य च्या डोक्यावर रफार, दुसऱ्यात य ला चिकटलेला अर्धा र. भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ज्या कळीवर र आहे, तीच शिफ्टसह दाबली की ऱ उमटतो. मग हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी कळ, मग य. माहीत असलेल्याला तीन कळांचं काम. पण मराठी शिकवणाऱ्याला ते कुठल्याही संगणकावर निर्धास्तपणे करता यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

भाषा शिकवायला यंत्र वापरण्याचा विचार त्याच्या कितीतरी आधीचा. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ साली मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले आणि अस्वस्थ झाले, कारण आपलं उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळतच नव्हतं. त्यातून त्यांचं शिकवण्याचं यंत्र आलं: धडा बारीक तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याला प्रश्न, उत्तर दिलं की तिथल्या तिथे निकाल. १९६० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ ही संगणकावरून शिकवणारी यंत्रणा सुरू केली. पुढे तिच्यावर कितीतरी विषयांबरोबर परक्या भाषांचे धडेही तयार झाले. १९७२ च्या सुमाराच्या आवृत्तीत पडद्याला बोट लावून उत्तर देता येई, आणि अक्षरांचे आकार स्वतः बनवता येत असल्याने रोमनखेरीज इतर लिप्याही दाखवता येत. त्याच काळात स्टॅनफर्डमध्ये रशियन भाषा संगणकावर शिकवली जात होती. शीतयुद्ध चालू होतं, रशियन येणारी माणसं अमेरिकेला हवी होती.

पायरीपायरीने भाषा शिकवण्याची ही रीत आपल्याला परकी नव्हती. मालवणात १८३७ साली जन्मलेले आणि पुढे रत्नागिरीच्या शाळेचे मुख्याध्यापक झालेले रा. गो. भांडारकर यांनी संस्कृतची पाठ्यपुस्तकं लिहिली, ती याच घडणीची: थोडे नियम, थोडे शब्द, मग भाषांतराला वाक्यं. पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्यावर संस्कृत शिकली. फक्त वही तपासायला गुरुजी होते. मुलाने वेगळंच पण चालण्यासारखं वाक्य लिहिलं, तर ते थांबून विचार करू शकत. यंत्राकडे एका प्रश्नाला एकच उत्तर भरलेलं. ही गोष्ट छोटी वाटते, पण मला ती या सगळ्या इतिहासातली कळीची वाटते.

त्या एका उत्तराच्या चौकटीबाहेर पडायची वाट बर्मिंगहॅम विद्यापीठात सापडली. तिथे १९८० च्या दशकात जॉन सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी प्रचंड इंग्रजी मजकूर संगणकात साठवून त्याच्या आधारे कोश तयार केला. तो १९८७ साली निघाला. तिथलेच टिम जॉन्स यांनी तसाच मजकूर विद्यार्थ्यांपुढे ठेवला. एखादा शब्द शोधायचा, तो ज्या ज्या वाक्यांत आलाय त्या ओळी एकाखाली एक मांडायच्या आणि नियम मुलांनीच हुडकायचा. इथे संगणक परीक्षक राहत नाही. तो पुरावा मांडतो, निकाल विद्यार्थी देतो. आजवरच्या सगळ्या प्रयोगांत मला हाच सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे मात्र तो जवळजवळ पोचलाच नाही.

त्याचं कारण पुन्हा दर्या आणि दऱ्या. अशा अभ्यासाला संगणकाला शोधता येईल असा भरपूर मजकूर लागतो, आणि मराठी मजकूर फाँटांत अडकून पडला होता. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली, तिच्या संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डामुळे भारतीय लिप्या संगणकावर आल्या, १९९१ मध्ये कुठल्या अक्षराला कुठला संकेत हे सांगणारं ‘इस्की’ हे भारतीय मानकही ठरलं. पण छापखान्यांत आणि डीटीपीवाल्यांकडे ज्याचा त्याचा फाँट आणि ज्याचे त्याचे संकेत. एका फाँटात टंकलेली प्रश्नपत्रिका फ्लॉपीवर घालून तालुक्याला न्यावी, तर तिथल्या संगणकावर तिचा नुसता चिन्हांचा काला. जगभरच्या लिप्यांना एकाच यादीत संकेत देणाऱ्या युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती; घरोघरच्या संगणकावर ती विंडोज २००० पासून हळूहळू उतरली. मराठी विकिपीडिया २००३ चा. ‘ॲप’ मधल्या ॲ ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना यंत्राची मदत मिळत गेली आणि मराठी मागे राहिली, यात मराठीच्या अंगभूत दुबळेपणाचा काही संबंध नाही.

शाळांतली गोष्ट थोडक्यात सांगता येते. १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेत निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, त्यावरचे धडे इंग्रजी वळणाचे. २००१ नंतर एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग उभे राहिले. नोकरीसाठी पोरं एसटीने येऊन शिकली. मी ज्या शाळेत होतो तिथला संगणक कुलपाच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली असे. खारी हवा आणि चार महिने पाऊस. आच्छादन काढलं तेव्हा कळफलकाच्या निम्म्या कळा दाबल्या की वर येत नव्हत्या.

२००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. वीसेक मुलं, पहिली ते चौथी एकाच खोलीत. मग २०२०. टाळेबंदीमुळे शाळा फोनवर भरणार असं ठरत होतं आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. जून सरत गेला, पुस्तकांवरचे क्यूआर कोड तसेच राहिले, कारण स्कॅन करायला चार्ज असलेला फोन नव्हता.

आता फोन आहेत, रेंजही बऱ्यापैकी आहे, बोललेलं लिहून घेणारी यंत्रंही आली. तरी जुनं दुखणं नव्या रूपात समोर येतं. घरी ‘माका व्हया’ (मला हवं) म्हणणारं पोर फोनवर ‘माका’ लिहितं आणि फोन त्याचं ‘माझा’ करून टाकतो. यंत्राला जो मजकूर खायला घातला, त्यातलीच भाषा त्याला बरोबर वाटते, आणि त्या मजकुरात मालवणी, संगमेश्वरी, आगरी फारशा नाहीत. गुरुजी निदान हसून ‘मला लिही हो’ म्हणत, आणि त्यांना स्वतःलाही माका कळत असे.

बोली नोंदवल्याच गेल्या नाहीत असं मात्र नाही. ब्रिटिश अधिकारी ग्रियर्सन यांच्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठीच्या खंडात संगमेश्वरी, बाणकोटी, कुडाळी यांचे नमुने आहेत. १९६० च्या दशकात भाषाअभ्यासक अ. मा. घाटगे यांनी कुडाळीचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून गावोगावच्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि ते इंटरनेटवर खुलं ठेवलं आहे.

ते कळल्यावर मी ओळखीच्या एका शिक्षिकेला म्हटलं, तुमच्या वर्गात असं काही करून बघा. त्यांनी गावातल्याच एका आजीची गजाल, म्हणजे गप्पागोष्टी, फोनवर मुद्रित केली आणि सातवीच्या मुलांना दोनदा ऐकवली. मुलांनी ऐकू येतील तशी वाक्यं फळ्यावर लिहिली, एकाखाली एक. माका, तुका, तेका, आमका. थोडा वेळ वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, ह्यो ‘का’ म्हणजे पुस्तकातलो ‘ला’.”