होम रूल: अमेरिकन शहरांना स्वतःच्या कारभारासाठी परवानगी का लागते

अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम शहराच्या कौन्सिलपुढे होम रूलचा, म्हणजे दर वेळी राज्याची परवानगी न घेता स्थानिक कारभार चालवण्याचा, दर्जा घेण्याचा ठराव आला की चर्चा बघता बघता मालमत्ता करावर येते. कर किती वाढणार आणि तो रोखणार कोण, हे नागरिकांचे प्रश्न रास्तच असतात. पण महापौर निवडून येतो, कौन्सिल निवडून येते, अंदाजपत्रक मंजूर होते, अशा शहराला कारभाराची आणखी वेगळी परवानगी का लागावी? याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वेत, कर्जरोख्यांत आणि न्यायालयांच्या निकालांत आहे.

अमेरिकेच्या संघराज्य घटनेत शहरांच्या अधिकारांविषयी एक ओळही नाही. आपल्याकडे ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत जागा दिली, तसे तिथे कधी झाले नाही. जे अधिकार संघराज्याला दिलेले नाहीत ते राज्यांचे किंवा लोकांचे, असे दहावी घटनादुरुस्ती सांगते. शहरे त्यात कुठेच नसल्याने ती राज्याच्या विधिमंडळाची निर्मिती ठरली. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये हे सूत्र नेमक्या शब्दांत बसवले. क्लिंटन शहराला आपल्या रस्त्यांतून रेल्वेचे रूळ जाऊ द्यायचे नव्हते, राज्याने कंपनीला मुभा दिली होती, आणि डिलन यांनी राज्याच्या बाजूने निकाल दिला. शहराला अधिकार तीनच प्रकारचे, असे त्यांच्या नियमाचे सार आहे. कायद्यात स्पष्ट लिहिलेले, लिहिलेल्यातून अपरिहार्यपणे निघणारे आणि शहराच्या जाहीर उद्दिष्टांसाठी अत्यावश्यक असलेले. सोयीचे असणे पुरेसे नाही. रास्त शंका आली तर निकाल शहराच्या विरुद्ध जायचा. १८७२ मध्ये त्यांनी नगरपालिका कायद्यावर ग्रंथ लिहिला आणि हा नियम देशभरातल्या न्यायालयांत पोहोचला.

डिलन यांना शहरांचा आकस होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळात रेल्वे आपल्या गावात यावी म्हणून शहरे कर्जरोखे काढून कंपन्यांना पैसा पुरवत होती. काही मार्ग झालेच नाहीत, कर्ज मात्र करदात्यांच्या मानेवर राहिले. १८७३च्या आर्थिक संकटात अनेक ठिकाणी हप्ते थकले. शहरांच्या हाती पैशाच्या किल्ल्या देताना दहा वेळा विचार करावा, ही सावधगिरी या अनुभवातून आली.

पण ज्या विधिमंडळांवर भिस्त ठेवली, त्यांचे वागणेही स्वच्छ नव्हते. न्यूयॉर्क राज्याने १८५७ मध्ये शहराचे पोलीस दल मोडून राज्याने नेमलेले नवे दल आणले. महापौर फर्नांडो वुड यांनी ते मानले नाही आणि सिटी हॉलच्या पायऱ्यांवर दोन पोलीस दलांची मारामारी झाली. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने १८७० मध्ये फिलाडेल्फियाचा सिटी हॉल बांधायला स्वतःचे मंडळ नेमले. बांधकाम १९०१ पर्यंत चालले आणि खर्चाचा बोजा शहरावर पडला. मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या सार्वजनिक बांधकाम मंडळावर राज्याने आपली माणसे बसवली, तेव्हा १८७१ मध्ये न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी डिलन यांच्या उलट भूमिका घेतली. स्थानिक कारभार हा लोकांचा मूळ हक्क आहे, राज्य तो काढून घेऊ शकत नाही, असे ते म्हणाले. माझ्या मते लोकशाहीच्या दृष्टीने कूलीच बरोबर होते. पण न्यायालयांनी बहुतांशी डिलन यांचा नियम उचलला. १९०७ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच केले. पिट्सबर्ग आणि शेजारचे अलेगेनी ही शहरे एक करायला अलेगेनीच्या मतदारांचा विरोध होता. दोन्ही शहरांची मते एकत्र मोजण्याची तरतूद असल्याने तो विरोध बुडाला. राज्य शहरांच्या हद्दी आणि अधिकार हवे तसे बदलू शकते, असे न्यायालयाने सांगितले.

न्यायालयात दाद मिळेना, म्हणून सुधारकांनी राज्यांच्या घटनाच बदलायचे ठरवले. पहिला दरवाजा मिझुरीने उघडला. १८७५च्या घटनेने एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहराला स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची स्थानिक घटना, लिहिण्याचा हक्क दिला, आणि तेवढे मोठे शहर तेव्हा राज्यात एकच होते, सेंट लुइस. १३ मालमत्ताधारकांच्या मंडळाने मसुदा केला आणि १८७६च्या मतदानात शहर कौंटीपासून (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) वेगळेही झाले. ग्रामीण कौंटीचा खर्च आपण का उचलायचा, हा तेव्हाचा युक्तिवाद. पण तेव्हा आखलेली हद्द आजही तीच आहे. वस्ती आणि उद्योग हद्दीबाहेर गेले, तसा करही बाहेर गेला. १९५० मध्ये साडेआठ लाखांवर असलेली लोकसंख्या २०२० मध्ये तीन लाखांच्या आसपास उरली. सनदीत एकदा घट्ट बसवलेली गोष्ट पुढच्या दोन-तीन पिढ्यांना महागात पडते, याचे याहून ठळक उदाहरण नाही. शिवाय पोलीस दल १८६१ पासून राज्याच्या मंडळाकडेच होते. २०१२च्या राज्यव्यापी मतदानानंतर ते शहराकडे आले आणि २०२५च्या कायद्याने पुन्हा राज्याच्या मंडळाकडे गेले.

मिझुरीमागून कॅलिफोर्निया १८७९, वॉशिंग्टन १८८९, मिनेसोटा १८९६, ओहायो आणि टेक्सास १९१२, अशी राज्ये येत गेली. ओहायोच्या घटनेने नगरपालिकांना ‘स्थानिक स्वराज्याचे सर्व अधिकार’ दिले. शब्द भारदस्त, पण स्थानिक काय आणि राज्याचे काय, हे ठरवणार न्यायालयच. रस्त्यावरचे दिवे स्थानिक, हे सोपे आहे. पोलिसांचे निवृत्तिवेतन, पाणीपुरवठ्याचे दर, कामगारांचे वेतन यांवर मात्र वर्षानुवर्षे खटले चालले.

ही कोंडी फोडायला कायद्याचे अभ्यासक जेफरसन फोर्डहॅम यांनी १९५३ मध्ये अमेरिकन म्युनिसिपल असोसिएशन या शहरांच्या संघटनेसाठी नमुना तरतूद लिहिली. स्थानिक अधिकार कोणते, याची यादी करणेच त्यांनी सोडून दिले. विधिमंडळ देऊ शकते ते सर्व अधिकार शहराला आहेतच. नको असेल तिथे विधिमंडळाने तसा कायदा करावा, अशी ती रचना होती. पूर्वी शहराला परवानगी दाखवावी लागे, आता राज्याला मनाई दाखवावी लागेल. आज कौन्सिलमध्ये जे मागितले जाते ते मुख्यतः हेच. तेवढे मिळूनही राज्याचा हात वरच राहतो. टेक्सासमधल्या डेंटनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये शहरात फ्रॅकिंगला (खडकांत दाबाने पाणी सोडून तेल-वायू काढण्याला) बंदी घातली आणि मे २०१५ मध्ये राज्याने कायदा करून अशा बंद्याच रद्द केल्या. मिशिगनने २०१३ मध्ये डेट्रॉइटवर आणीबाणी व्यवस्थापक, म्हणजे आर्थिक संकटातल्या शहराचा कारभार हाती घेणारा राज्याचा माणूस, नेमला. फ्लिंटचा पाणीपुरवठा २०१४ मध्ये नदीवर वळवला गेला तेव्हाही तिथला कारभार अशाच व्यवस्थापकाच्या हाती होता. दोन्ही होम रूलची शहरे.

व्यवहारात काय बदलते, हे इलिनॉयमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. तिथली १९७०ची घटना १ जुलै १९७१ पासून लागू झाली. २५,००० हून जास्त वस्तीच्या नगरपालिकेला दर्जा आपोआप मिळतो, लहान शहराला सार्वमत घ्यावे लागते, आणि नको असेल तर सार्वमतानेच सोडताही येतो. नियमन, परवाने, कर आणि कर्ज हे चारही अधिकार घटनेत नावानिशी आहेत. उत्पन्न, कमाई किंवा व्यवसायावर कर लावायला मात्र विधिमंडळाची संमती लागते. ज्या भागांत मालमत्ता कराच्या वाढीला पाच टक्के किंवा महागाईचा दर, यांतली कमी मर्यादा आहे, तिथेही होम रूलची शहरे त्या मर्यादेबाहेर असतात. ती पाव-पाव टक्क्याच्या टप्प्यांनी विक्रीकर वाढवू शकतात, त्यासाठी मतदारांकडे जावे लागत नाही. दर्जा नसलेल्या शहराचा हॉटेल कर सर्वसाधारणपणे पाच टक्क्यांपर्यंत आणि तोही पर्यटनावरच खर्च करायचा. भाड्याच्या घरांना परवाना आणि तपासणी सक्तीची करायची तर तेही दर्जा असला की सोपे जाते.

म्हणूनच समर्थक म्हणतात, बाहेरून येणाऱ्या ग्राहकाकडून विक्रीकर घेऊ आणि घरमालकाचा कर हलका करू. महामार्गालगत मोठा बाजार असलेल्या शहरात हे गणित जमते. दुकानेच कमी असतील तर नव्या कराचा भार फिरून स्थानिकांवरच येतो. अशा शहरात हे आश्वासन देऊ नये. इलिनॉयमधल्या रॉकफर्डला दर्जा आपोआप मिळाला होता, पण कर वाढत गेल्यावर १९८३ मध्ये मतदारांनी तो काढून टाकला. २०१८ मध्ये परत मिळवण्याचा प्रयत्नही मतदानात पडला. विश्वास एकदा गेला की असा दीर्घकाळ परत येत नाही.

ही भीती घालवायला काही कौन्सिल सार्वमताआधीच अध्यादेश (शहरापुरता कायदा) करतात, की दर्जा मिळाला तरी आम्ही जुनी करमर्यादा पाळू. हेतू चांगला, पण पुढचे कौन्सिल तोच अध्यादेश साध्या बहुमताने रद्द करू शकते. मतदारांना हे सभेतच स्पष्ट सांगितलेले बरे. विरोधक ते शोधून काढतातच. दुसरी चूक प्रचाराची. इलिनॉयमध्ये सार्वजनिक पैशाने माहिती देता येते, ‘होय’ला मत द्या असे सांगता येत नाही. शहराच्या खर्चाने छापलेल्या पत्रकात एक आवाहनाचे वाक्य गेले तरी तक्रार होते आणि चर्चा मूळ विषयावरून घसरते. ठराव निवडणुकीच्या किमान ७९ दिवस आधी व्हावा लागतो, त्यामुळे आकडेमोड त्याआधीच तयार हवी.

पेनसिल्व्हेनियातला मार्ग लांबचा आहे. १९७२च्या कायद्यानुसार अभ्यास आयोग नेमायचा का, हे मतदार ठरवतात आणि त्याच मतपत्रिकेवर ७, ९ किंवा ११ सदस्य निवडतात. आयोगाला अहवालासाठी नऊ महिने, सनद लिहायची ठरली तर आणखी नऊ, आणि शेवटी पुन्हा मतदान. वेळखाऊ असला तरी हा मार्ग मला जास्त पटतो, कारण मतदारांपुढे प्रत्यक्ष मजकूर येतो. इलिनॉयमध्ये एका ओळीच्या प्रश्नावर मत द्यावे लागते.

वेस्ट व्हर्जिनियाने २००७ मध्ये चार्ल्सटन, हंटिंग्टन, व्हीलिंग आणि ब्रिजपोर्ट या चार शहरांपुरता प्रयोग करून पाहिला, हळूहळू शहरे वाढवली आणि २०१९ मध्ये योजना कायम केली. इलिनॉयच्या काही कौन्सिलांपुढे मात्र हा विषय कुणी न मागताच येतो. जनगणनेत वस्ती २५,००० च्या खाली गेली की दर्जा सोडायचा का, हा प्रश्न पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांपुढे ठेवावाच लागतो, आणि तोवर त्या दर्जावर उभे केलेले कर व कर्जरोखे अंदाजपत्रकात बसलेले असतात.