हृदयाची भरणक्षमता : वय आणि आजीवन व्यायाम

हृदयाचा ठोका पडून गेल्यावर डावा निलय (शरीराला रक्त पुरवणारा हृदयाचा खालचा कप्पा) सैलावतो आणि फुप्फुसांकडून आलेले रक्त त्यात भरते. या टप्प्याला हृत्प्रसरण म्हणतात. निरोगी माणसाच्या हृदयाची विश्रांतीतली रक्त बाहेर ढकलण्याची ताकद उतारवयातही फारशी घटत नाही. वयाची चाहूल आधी लागते ती भरण्याच्या क्रियेत.

निलय दोन हप्त्यांत भरतो. आकुंचनानंतर स्नायुपेशींतील कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढले जाते, स्नायू झटकन सैलावतो आणि अलिंदातले (निलयाच्या वरच्या कप्प्यातले) बरेचसे रक्त आपसूक आत येते. उरलेले रक्त अलिंद शेवटी आकुंचन पावून ढकलते. तरुणपणी पहिल्या हप्त्याचा वाटा मोठा असतो. मात्र विशीपासून ऐंशीपर्यंत या सुरुवातीच्या भरण्याचा वेग जवळपास निम्म्यावर येतो आणि ती तूट अलिंद भरून काढते. ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉप्लर तपासणीत, अलिंद आणि निलय यांच्यामधल्या द्विदल झडपेजवळ दिसणाऱ्या दोन लाटांपैकी तरुणांत पहिली उंच असते, तर साठीच्या आसपास दुसरी तिला गाठते. हा बदल म्हणजे आजार नव्हे. पण अलिंदाचा ताल बिघडून त्याची मदत तुटली, तर वृद्धाला दम लागतो तो याच कारणाने. नाडी मिनिटाला १५० झाली की एका ठोक्याला अवघा ०.४ सेकंद मिळतो, त्यामुळे मंद सैलावणे चढ चढताना अधिक जाणवते.

सैलावण्याची गती आणि भिंतीचा ताठरपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि व्यायामाचा लाभ समजून घेताना त्यांची गल्लत हमखास होते. वयानुसार भिंतीत कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन वाढते व त्याच्या तंतूंमध्ये साखरेच्या संयोगाने घट्ट बंध तयार होतात. अशा निलयात तेवढेच रक्त भरण्यास जास्त दाब लागतो आणि तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. इजेक्शन फ्रॅक्शन (निलयातल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर पडणारा हिस्सा) शाबूत असूनही होणाऱ्या हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय शरीराची गरज नीट भागवू न शकण्याच्या आजारात, हा ताठरपणा महत्त्वाचा असतो.

अमेरिकेतील डॅलस येथे संशोधक बेंजामिन लेव्हिन यांच्या गटाने हा ताठरपणा थेट मोजला. हृदयाच्या उजव्या बाजूतून कॅथेटर (बारीक नळी) सरकवायचा, शरीराच्या खालच्या भागाभोवती हवेचा दाब कमी करून हृदयाकडे येणारे रक्त घटवायचे, मग शिरेतून वेगाने सलाइन देऊन ते वाढवायचे आणि प्रत्येक पायरीवर दाब व निलयाचे आकारमान नोंदवायचे, अशी ही पद्धत आहे. २००४ च्या अभ्यासात बैठ्या वृद्धांचे निलय ताठर आढळले, तर वर्षानुवर्षे सराव करणाऱ्या वृद्ध खेळाडूंचे निलय निरोगी तरुणांइतके लवचीक होते. सैलावण्याची गती मात्र अशा खेळाडूंतही वयाबरोबर मंदावते.

किती व्यायाम पुरतो, हा मात्रेचा प्रश्न पुढे २०१४ मध्ये तपासला गेला : आठवड्यातून दोन-तीन वेळचा व्यायाम ताठरपणा रोखण्यास पुरला नाही, चार-पाच वेळचा पुरला. सुरुवात केव्हा होते यालाही महत्त्व आहे. पासष्टीनंतर वर्षभर कसून सराव केलेल्यांचा दमसास सुधारला, पण निलयाचा ताठरपणा हटला नाही. उलट ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या पण निरोगी व्यक्तींना दोन वर्षे सराव दिल्यावर तो कमी झाला आणि प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १८ टक्क्यांनी वाढली (२०१८). त्या सरावात चार मिनिटे जोराचा व मधे तीन मिनिटे हलका व्यायाम, अशा चार फेऱ्यांचा समावेश होता.

आजीवन व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनात्मक अभ्यासांना एक मर्यादा आहे. ज्यांची प्रकृती मुळात दणकट तेच सराव टिकवतात, हा संशय त्यांत पुरता फिटत नाही. २०१८ च्या प्रयोगात गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने पाडले होते, म्हणून त्याचे वजन अधिक आहे.