सब- (लॅटिन उपसर्ग)

सब- हा लॅटिनमधून इंग्रजीत आलेला उपसर्ग, मूळ उच्चार सुब. याचा अर्थ 'खाली' असं एका शब्दात सांगून बहुतेक जण मोकळे होतात, आणि सबमरीन (समुद्राखालची), सबवे, सबटायटल एवढ्यापुरतं ते चालूनही जातं, पण सपोर्ट, सजेशन, सस्पेक्ट, सबर्ब हे शब्द आले की गाडी अडते. लॅटिनमध्ये सुबचे अर्थ बरेच होते: खाली, पायथ्याशी, जवळ, मागोमाग, कुणाला न कळता, थोडंसं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालून वर. हा शेवटचा अर्थ एकदा डोक्यात बसला की कितीतरी शब्द आपोआप उलगडतात, आणि नेमका तोच सांगायचा राहून जातो.

मराठी माणसाला हा उपसर्ग खरं तर परका नाहीच. लॅटिन सुब, ग्रीक हुपो (इंग्रजीत हायपो) आणि संस्कृत उप हे तिन्ही एकाच जुन्या मूळ शब्दातून आलेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचा उगम एक असावा हे भाषापंडित विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात मांडलं होतं, त्याचा पुरावा आपण रोज बोलतो त्या शब्दांत पडलेला आहे. सबर्बमधला अर्ब म्हणजे लॅटिन उर्ब्स, शहर, आणि इथे सब म्हणजे शहराच्या जवळ, अगदी लगत, म्हणून उपनगर हा शब्द किती चपखल बसतो बघा. सबस्टन्समध्ये सब आणि 'उभं राहणे' असा धातू आहे, उपस्थितमध्ये उप आणि स्था आहे, दोन्ही जोड्या सख्ख्या. त्याहून भारी म्हणजे सबसिडी. लॅटिन सुबसिदियुम म्हणजे रोमन सैन्यात मागे राखून ठेवलेली फळी, जी गरज पडली तरच मदतीला उठायची, त्यावरून अर्थ झाला मदत आणि पुढे पैशाची मदत. यातला 'सिद' म्हणजे बसणे, संस्कृत सद्, तोच जो उपनिषदमध्ये आहे. म्हणजे सबसिडी आणि उपनिषद यांचा उपसर्गही एक आणि धातूही एक, अर्थ मात्र कुठच्या कुठे गेले.

आता खालून वर. सपोर्ट म्हणजे खालून उचलून धरणे (पोर्तारे = वाहून नेणे), सस्टेन म्हणजे खालून धरून ठेवणे, सफर (प्रवास नव्हे, इंग्रजी क्रियापद) म्हणजे ओझ्याखाली जाऊन ते पेलणे आणि म्हणूनच सोसणे, सप्लाय म्हणजे खालून भरत वरपर्यंत आणणे. सजेस्टमध्ये गेरेरे म्हणजे आणणे, तेव्हा सजेस्ट करणे म्हणजे समोरच्याच्या मनात खालून काहीतरी वर आणून ठेवणे, आणि जुन्या इंग्रजी वापरात सजेशन हा चांगला शब्दसुद्धा नव्हता, वाईट कामाची फूस, मोह अशा अर्थाने यायचा. सस्पेक्ट म्हणजे खालून वर बघणे, मान खाली ठेवून नुसते डोळे वर करून कुणाकडे पाहिलं की जी नजर होते ना, तीच संशयाची नजर. गंमत अशी की लॅटिनमध्ये याच क्रियापदाचा दुसरा अर्थ आदराने बघणे असाही होता, कारण मोठ्या माणसाकडेही आपण खालूनच वर बघतो, पण इंग्रजीत फक्त संशय टिकला.

वरचे बरेच शब्द पाहून कुणी म्हणेल यात सब कुठे दिसतोय. तो दिसत नाही कारण पुढच्या अक्षराला सोयीचं व्हावं म्हणून सबमधला ब बदलतो, आणि हा बदल इंग्रजीत नाही तर लॅटिनमध्येच झालेला आहे. पुढे क आला तर सक्सीड (कुणाच्या मागोमाग जाणे, म्हणून वारस होणे आणि यशस्वी होणे), फ आला तर सफोकेट (फ म्हणजे इथे फाउकेस, घसा), ग आला तर सजेस्ट, प आला तर सप्रेस, म आला तर कधी कधी समन, र आला तर सरोगेट. सस्पेन्ड, सस्टेनमध्ये जो सस दिसतो तो सुब्स या जुन्या रूपातून ब गळून उरलेला. सफिक्स हा शब्द तर स्वतःच याचं उदाहरण आहे, आणि आपला उपसर्ग हा शब्दही उप लावूनच सुरू होतो.

एका शब्दावर जरा थांबायला हवं, सबज्युगेट. याचा अर्थ गुलाम करणे, पूर्ण नमवणे असा देतात, पण शब्दशः आहे 'जुवाखाली', बैलाच्या मानेवर असतं ते जू. लॅटिन युगुम, संस्कृत युग, इंग्रजी योक आणि मराठी जू हे सगळे एकाच घरातले. आणि हे नुसतं अलंकारिक नव्हतं. प्राचीन इटलीत हरलेल्या सैन्याची मान खाली घालायला दोन भाले जमिनीत उभे रोवायचे, त्यावर तिसरा आडवा बांधायचा आणि शस्त्रं काढून घेतलेल्या सैनिकांना एकेक करून त्याखालून वाकून जायला लावायचं. इ.स.पू. ३२१ मध्ये कॉडाइन फोर्क्सच्या खिंडीत इटलीतल्याच सॅमनाइट नावाच्या लोकांनी अख्ख्या रोमन सैन्यालाच असं वाकायला लावलं, आणि रोमन इतिहासकार तो अपमान पुढे शेकडो वर्षं सांगत राहिले.

सटल या शब्दातला न उच्चारला जाणारा बी खूप जणांना छळतो. मूळ लॅटिन सुबतिलिस, आणि तो सुब तेला म्हणजे मागावर ताणलेल्या विणीखालून जाणाऱ्या अगदी बारीक धाग्यावरून आला असं मानतात, म्हणून बारीक, तलम, सहज नजरेत न भरणारं. फ्रेंचमधून इंग्रजीत येताना ब गळालेला होता, उच्चारही तसाच बसला, पण नंतर लॅटिन शिकलेल्या मंडळींनी स्पेलिंगमध्ये तो परत घुसवला. डेट (कर्ज) आणि डाउट यांच्यातला बी पण असाच आलाय.

सबस्क्राइब म्हणजे खाली लिहिणे, कागदाच्या तळाशी सही करणे. पुस्तक छापायच्या आधी पैसे द्यायची हमी म्हणून लोक यादीत खाली नाव घालायचे, तिथून वर्गणी हा अर्थ आला. सपीना म्हणजे सुब पोएना, 'शिक्षेच्या धाकाखाली', जुन्या कोर्टाच्या हुकमातले हे लॅटिन शब्दच हुकमाचं नाव होऊन बसले. सबट्रॉपिकलमध्ये सब म्हणजे जवळपास, सरेप्टिशसमध्ये गुपचूप.

गोंधळ होतो तो सर-ने सुरू होणाऱ्या शब्दांत. सरनेम, सरफेस, सर्व्हाइव्ह, सरप्राइज यांच्यातला सर हा सबचा नव्हे, तो सुपरचा फ्रेंच अवतार, म्हणजे अर्थ बरोबर उलटा, वर किंवा पलीकडे. समिट म्हणजे शिखर, तेही सुपरच्याच कुळातलं, समनशी त्याचा काही संबंध नाही. स्पेलिंग बघून हे कळत नाही, दरवेळी शब्दाचं मूळच बघावं लागतं.

आणि काही शब्दांत तर सब इतका विरघळलाय की सांगितल्याशिवाय विश्वास बसणार नाही. सुव्हेनिअर म्हणजे मूळ सुबव्हेनिरे, खालून वर येणे, मनात येणे, म्हणून आठवण. सडन (अचानक) हा शब्द गुपचूप जवळ येणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय. सर्ज, सोर्स, रिसोर्स, इन्सर्जंट, रेझरेक्शन या सगळ्यांच्या मुळाशी सुर्गेरे आहे, उठणे, आणि सुर्गेरे म्हणजे सुब अधिक रेगेरे, सरळ करणे, ज्याचं संस्कृतमधलं नातेवाईक ऋजु आहे.