सहा कॅनच्या गळ्यातली कडी

१९९३ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एक कासव सापडलं. लहान असताना कधीतरी ते पेयांचे सहा कॅन एकत्र बांधायच्या, सहा भोकांच्या प्लास्टिकच्या कडीत शिरलं आणि तिथेच अडकलं. कडी तुटली नाही, कासव मात्र वाढत राहिलं. कवच कडीच्या पुढे आणि मागे पसरलं, मधे करकचून आवळलेलं राहिलं. वरून पाहिलं तर थेट इंग्रजी आठचा आकडा. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात ती कडी कापून काढली, पण आकार काही बदलला नाही. कासवाचं कवच वरून चढवलेलं नसतं. कणा आणि बरगड्या त्यातच जुळलेल्या असतात. त्यामुळे आतले अवयवही दबलेलेच राहिले. भुईमुगाच्या शेंगेसारखी दिसते म्हणून त्या मादीचं नाव पडलं ‘पीनट’. राज्याच्या संवर्धन खात्याने तिला सांभाळलं, आणि कचरा उघड्यावर टाकू नका हे सांगताना शाळकरी मुलांपुढे तिलाच उभं केलं.

आज कॅनच्या पॅकवर प्लास्टिकऐवजी पुठ्ठा दिसतो, कुठे गोंदाचे ठिपके दिसतात, त्यामागे या कडीची साठ वर्षांची गोष्ट आहे. ती मुळापासून पाहायला हवी. कारण या गोष्टीत बराच काळ उत्तरं शोधली गेली ती चुकीच्या प्रश्नाची, असं माझं मत आहे.

पेयं सहा-सहाच्या जुडीत विकायची कल्पना कॅनच्याही आधीची. कोका-कोलाने १९२३ मध्येच सहा बाटल्यांचं पुठ्ठ्याचं खोकं काढलं होतं, हातात धरून घरी न्यायला सोपं. कॅनमधली बिअर बाजारात आली जानेवारी १९३५ मध्ये, व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात, क्रूगर ब्रुअरीची, म्हणजे बिअरच्या कारखान्याची. ते कॅनही पुढे पुठ्ठ्यातच बांधून विकले जात. म्हणजे आज ‘पर्यावरणपूरक पर्याय’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो पुठ्ठा या धंद्यात पहिल्यापासून होता.

त्याला हटवलं इलिनॉय टूल वर्क्स या शिकागोच्या कंपनीने. तिथल्या ज्यूल्स पूपिच यांना १९५९ मध्ये कॅन बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीचं पेटंट मिळालं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला ‘हाय-कोन’ या नावाने ती बाजारात उतरली. पातळ पॉलिथिनच्या पट्टीला सहा भोकं, प्रत्येक भोक कॅनच्या घेरापेक्षा किंचित लहान. यंत्र ती पट्टी ताणून सहाही कॅनवर एकदम चढवतं आणि सोडून देतं. प्लास्टिक आकसतं आणि कॅनच्या वरच्या काठाखाली घट्ट बसतं. ना गोंद, ना घडी, ना खिळा. जेमतेम काही ग्रॅमची पट्टी दोन किलोंहून जास्त ओझं पेलते. शिवाय फ्रिजमधून काढलेल्या कॅनला पाणी सुटलं तरी तिला काही होत नाही, पुठ्ठा मात्र लिबलिबीत होतो. कारखानदाराच्या जागी मी असतो तर मीही तीच निवडली असती.

त्याच सुमारास कॅनच्या झाकणावरही असंच नाटक घडत होतं. ओहायोतल्या डेटन शहराच्या एर्मल फ्रेझ यांनी कॅन उघडायला ओढून काढायची धातूची टिकली शोधली, १९६३ मध्ये तिचं पेटंट झालं. लोक टिकली ओढायचे आणि तिथेच टाकायचे. किनाऱ्यांवर अनवाणी पाय कापू लागले. यावर डॅनियल कुझिक यांनी रेनॉल्ड्स मेटल्स कंपनीत काढलेला तोडगा १९७५ पासून वापरात आला: टिकली दाबायची, भोक पडतं, पण ती कॅनलाच चिकटून राहते. आज आपण उघडतो ते हेच झाकण. इथे कुणी टिकली लवकर गंजावी म्हणून खटपट केली नाही. ती कॅनपासून सुटतेच का, हे विचारलं आणि प्रश्न मिटला.

कडीच्या बाबतीत तसं झालं नाही. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत समुद्रपक्षी, सील, मासे कडीत अडकल्याची छायाचित्रं लोकांपुढे आली. १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर २,८०० स्वयंसेवकांनी कचरा उचलला आणि प्रत्येक वस्तूची नोंद ठेवली. आज जगभर होणारी किनारा स्वच्छता तिथून सुरू झाली. घराघरांत एक सवय रुजली, कडी टाकण्याआधी तिची सगळी भोकं कात्रीने कापायची. पोरं हे काम निष्ठेने करत. पण त्यात जबाबदारी कुणावर आली, ते पाहा. कडी बनवणारा मोकळा, आणि स्वयंपाकघरात कात्री घेऊन उभं राहिलेलं आठ वर्षांचं मूल समुद्रातल्या सीलच्या जिवाला जामीन.

काही राज्यांनी आधीच कायदे केले होते. ऑक्टोबर १९८८ मध्ये अमेरिकेच्या संसदेचा कायदा झाला: अशा कड्या निसर्गात विघटन होणाऱ्याच असल्या पाहिजेत. त्याचे तपशीलवार नियम तिथल्या पर्यावरण संस्थेने १९९४ मध्ये आणले. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या समुद्रातल्या जून-जुलैच्या उन्हात ३५ दिवसांत कडी इतकी ठिसूळ व्हावी की ताणली तर तुटावी, अशी ती कसोटी. उद्योगाकडे उत्तर तयार होतं. पॉलिथिन बनवतानाच त्यात थोडा कार्बन मोनॉक्साइड मिसळला की रेणूंच्या साखळीत जागोजागी कच्चे दुवे तयार होतात. सूर्याचे अतिनील किरण नेमके त्या दुव्यांवर काम करतात आणि साखळी तुटते.

या कायद्याने प्राणी वाचले, हे मान्य करायलाच हवं. ठिसूळ कडी गळ्यात अडकली तर तुटण्याची शक्यता खूप वाढते. पण तुटणं म्हणजे कुजणं नव्हे. कडीचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, आणि कण प्लास्टिकचेच राहतात. गाळात रुतलेल्या, सावलीत पडलेल्या कडीला तर ऊनही लागत नाही. कायद्याने एकच प्रश्न विचारला होता, गळा आवळेल का? त्या प्रश्नाला उत्तर मिळालं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं विषय बंद झाल्यासारखा राहिला. समुद्री जिवांना अडकवण्यात मासेमारीची टाकून दिलेली जाळी कितीतरी पुढे आहेत, हेही खरं. कडी लक्षात राहिली ती चित्रामुळे, पीनटसारख्या एका जिवामुळे.

कोंडी फुटली २०१६ मध्ये, फ्लोरिडातल्या डेलरे बीचच्या सॉल्टवॉटर ब्रुअरी या लहानशा कंपनीमुळे. बिअर बनवल्यावर बार्ली आणि गव्हाचा जो चोथा उरतो, त्याच्यापासून त्यांनी जाहिरात संस्थेच्या मदतीने कडी बनवली. प्राण्याने खाल्ली तरी अपाय नाही, नाहीतर कुजून जाईल, असा दावा होता. चित्रफीत जगभर फिरली. प्रत्यक्ष दुकानात ती कडी यायला २०१८ उजाडलं आणि ती महागच होती, त्यामुळे वापर मुख्यतः छोट्या ब्रुअऱ्यांपुरता राहिला. पण कडी प्लास्टिकचीच हवी असं काही नाही, हे त्या चोथ्याने दाखवून दिलं.

मोठ्यांनाही मग गप्प बसता येईना. त्यातला मला सर्वांत आवडलेला तोडगा कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीचा. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी ब्रिटनमध्ये ‘स्नॅप पॅक’ आणला. त्यात कडी नाहीच. कॅन एकमेकांना गोंदाच्या ठिपक्यांनी चिकटवलेले, वर धरायला एक बारीक पट्टी. कॅन जरा पिळून ओढला की ‘टक’ असा आवाज होतो आणि तो सुटतो. ऐकायला सोपं, पण असा गोंद जमवायला तीन वर्षं लागली: फ्रिजमध्ये गारठून सुटायला नको, ट्रकच्या हादऱ्यांत निघायला नको आणि हाताने मात्र सहज निघायला हवा. या पद्धतीने मल्टीपॅकमधलं प्लास्टिक ७६ टक्क्यांपर्यंत कमी होतं, असं कंपनीने सांगितलं.

बाकीच्यांनी पुठ्ठ्याची वाट धरली. एप्रिल २०१९ मध्ये डिआजिओ या मद्य कंपनीने आपल्या गिनेस बिअरच्या पॅकमधलं प्लास्टिक काढायला १ कोटी ६० लाख पौंड जाहीर केले. हायनेकेन या बिअर कंपनीने त्याच वर्षी ब्रिटनसाठी २ कोटी २० लाख पौंडांची योजना मांडली. कोका-कोलाने युरोपात कॅनच्या माथ्यावर बसणाऱ्या पुठ्ठ्याच्या टोप्या आणि पट्ट्या आणल्या. मोल्सन कूर्स या बिअर कंपनीने २०२२ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या आपल्या कूर्स लाइट बिअरच्या कड्या बंद करून पुठ्ठा आणायचं ठरवलं. पैसा लागतो तो मुख्यतः यंत्रांना. कडी चढवणारं यंत्र पुठ्ठा घडी घालत नाही, सगळी लाइन नव्याने बसवावी लागते.

पुठ्ठा निर्दोष आहे असं मात्र कुणी समजू नये. सहा कॅन पेलायला धागा लांब आणि चिवट लागतो, म्हणून बरेचदा नव्या लगद्याचा कागद वापरावा लागतो. ओलाव्यात टिकावा म्हणून त्यात रसायन घातलं, की त्याचा पुन्हा लगदा करणं अवघड होतं. वजनही कडीपेक्षा जास्त. तरीही चुकून ओढ्यात पडलेला पुठ्ठा कुणाच्या पाठीचा आठचा आकडा करत नाही, एवढ्यासाठी मी त्याच्या बाजूने आहे.

आपल्याकडे सहा भोकांची कडी फारशी दिसतच नाही. कॅन सुटा विकला जातो, आणि दुकानात येतो तो पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, वरून श्रिंक रॅप, म्हणजे प्लास्टिकची पातळ फिल्म, आवळलेला. गेल्या वर्षी एका लग्नात हॉलच्या मागे असे सोड्याचे ट्रे फोडताना पाहत होतो. पोरं बोटाने फिल्म फाडत होती, चर्र चर्र. सकाळी भंगारवाला आला, त्याने कॅन नेले, ट्रेचा पुठ्ठा दाबून नेला. फिल्मचा ढीग तसाच राहिला. वजनात भरत नाही आणि मळलेली असते, घेऊन काय करणार, म्हणाला. दुपारच्या वाऱ्याने त्यातली निम्मी कुंपणाच्या तारांना लागली होती.

ही फिल्म कायद्यातूनही निसटते. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, पण कारखान्यात उत्पादनाच्या वेळीच माल गुंडाळायच्या प्लास्टिकला त्यात सवलत होती. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या बंदीत मिठाईचे खोके, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटं यांवरची फिल्म आहे. कॅनच्या ट्रेवरची नाही. त्याच बंदीने फळांच्या रसाच्या छोट्या खोक्यावरची प्लास्टिकची नळी मात्र घालवली. कंपन्यांनी मुदतवाढ मागितली होती, ती मिळाली नाही, आणि कागदी नळी आली.

युरोपीय संघाचा नवा पॅकेजिंग कायदा फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आला. ग्राहकाने एकाऐवजी चार-सहा नग घ्यावेत म्हणून दुकानात बाटल्या किंवा कॅन एकत्र बांधणारं एकदाच वापरायचं प्लास्टिक १ जानेवारी २०३० पासून तिथे चालणार नाही. ते किती दिवसांत तुटतं, हा प्रश्न त्या कायद्याने ठेवलेलाच नाही. माल हाताळायला आवश्यक असलेल्या गुंडाळीला मात्र तिथेही सूट आहे.