७५ हजार डॉलरनंतर पैशाने सुख वाढत नाही?

आवडीची नोकरी की जास्त पगार, हा वाद निघाला की हा आकडा हमखास पुढे केला जातो. मूळ अभ्यास मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांचा, २०१० सालचा, अमेरिकेतला. त्यातले ७५ हजार हे अख्ख्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न होतं, एकट्याचा पगार नव्हे. शिवाय थांबली होती ती रोजच्या मनःस्थितीतली वाढ; आयुष्याबद्दलचं समाधान पुढेही वाढतच होतं. हा अर्धा भाग सोयीस्करपणे गळतो.

मनःस्थिती तरी का थांबली? प्रश्न होते 'काल हसलात का, मजा आली का' असे, उत्तर फक्त हो किंवा नाही. बहुतेक जण 'हो'च म्हणतात. मग आणखी खूश माणूस मोजणार कसा? २०२१ मध्ये संशोधक मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी फोनवरून त्या-त्या क्षणीची मनःस्थिती बारीक मोजपट्टीवर नोंदवली, तेव्हा मर्यादा दिसली नाही. २०२३ मध्ये कानमन आणि किलिंग्जवर्थ यांनी मानसशास्त्रज्ञ बार्बरा मेलर्स यांच्यासह आकडे पुन्हा तपासले: वाढ थांबते ती सर्वांत दुःखी, साधारण पाचव्या हिश्श्यातल्या लोकांची, तीही लाखभर डॉलरपुढे.

म्हणून पगार सोडून द्या असं हा आकडा सांगत नाही, आणि पगाराच्या मागे धावा असंही नाही. उत्पन्नामुळे सुखात पडणारा सरासरी फरक तसा छोटाच आहे, आणि त्यासाठी पगारवाढ रकमेने नव्हे, टक्क्यांनी मोजावी लागते. तासही धरा, प्रवासासकट. पगार १० टक्के वाढला पण आठवड्याचे ४५ तास ६० झाले, तर ताशी कमाई १७.५ टक्के घटते.